पानगळीतली घुबडं

घुबड पाहायचं म्हणून बॅटरी घेऊन रात्री अकराला निघणाऱ्यांच्या वाट्याला सहसा डासच येतात. आंबिवली-टिटवाळ्याच्या पट्ट्यात नेमाने पक्षी बघणारी मंडळी सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी झाडाखाली हजर असतात, आणि आधी वर नव्हे, खाली बघतात.

जुन्या चिंचेच्या किंवा वडाच्या बुंध्यावर चुन्यासारखे पांढरे ओघळ दिसले की पुढचं काम सोपं होतं. खाली पाचोळ्यात करड्या रंगाच्या लांबट गोळ्या सापडतात. ही विष्ठा नव्हे. घुबड भक्ष्य गिळतं आणि न पचलेली हाडं, केस तोंडावाटे टाकून देतं. गोळी पाण्यात भिजवून काडीने उकलली की बिंग फुटतं: उंदराचा जबडा आणि त्याचे पिवळट-नारिंगी पटाशीचे दात निघाले तर वर गव्हाणी घुबडाची शक्यता, भुंग्यांच्या कडक पंखांचा चुराच जास्त असेल तर पिंगळा.

पिंगळा हा या भागातला सगळ्यात हमखास भेटणारा. ऊन उतरलं की ढोलीच्या तोंडाशी एक वाटोळा चेहरा येतो. पांढऱ्या भुवया, पिवळे डोळे. माणूस दिसला की तो मान खाली-वर झटकतो; अंतराचा अंदाज घेण्याची ती रीत. मग जोडीदार बाहेर येतो, दोघं एकाच फांदीवर अंगाला अंग लावून बसतात आणि अचानक अशी चिरचिर, भांडाभांड सुरू होते की खालून जाणारा दचकावा. पुढे अंधारात दिव्याच्या खांबाखाली किडे टिपायला ही जोडी येते, त्यामुळे पिंगळ्यासाठी जंगल गाठायची गरजच नसते.

हंगामाचं म्हणाल तर फेब्रुवारी ते मे. सावर, पांगारा, साग, मोई उघडी पडलेली असतात. पावसाळ्यात हिरव्या गर्दीत लपणारा पक्षी तेव्हा फांदीवर सरळ दिसतो. त्यातच पिंगळ्याची वीण साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये पिल्लंही ढोलीबाहेर डोकावतात. दिवसा शोधायचं तर कान उघडे ठेवावेत. बुलबुल, कोतवाल, कावळे एकाच झाडाभोवती कालवा करत असतील तर मध्ये बहुधा घुबड किंवा साप असतो.

गव्हाणीला पडक्या इमारती, पोटमाळे, बंद शेड आवडतात. आंबिवलीला लागून असलेल्या मोहोन्यात एनआरसीचा (नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा) कारखाना 2009 साली बंद पडला. असे ओसाड आवार आणि त्यातले उंदीर म्हणजे तिची पंगतच. आत शिरायचं कारण नाही; संध्याकाळी कुंपणाबाहेर उभं राहिलं तरी पुरतं. ती डोक्यावरून गेली तरी पंखांचा आवाज येत नाही, कारण पिसांच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दाते असतात. दगडखाणींच्या कड्यांवर मात्र शृंगी घुबड असतं. ‘बू-बोऽ’ असा त्याचा घुमारा लांबवर जातो. त्याची अंडी कपारीत, उघड्या जमिनीवर असतात, म्हणून विणीच्या दिवसांत कड्याजवळ चढणं हा शुद्ध आगाऊपणा.

रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्षी बोलावणारे फोटोग्राफर हल्ली बरेच दिसतात. पक्ष्याला वाटतं परका हद्दीत घुसला. तो शिकार, पिल्लं सोडून भांडायला येतो. फोटो मिळतो, पण पक्ष्याची संध्याकाळ वाया जाते.

दुसरी काळजी दिवाळीच्या आसपासची. घुबडांच्या चोरट्या व्यापारावर ‘ट्रॅफिक’ या संस्थेने 2010 मध्ये अहवाल काढला होता. लक्ष्मीपूजनाच्या सुमारास बळीसाठी, जादूटोण्यासाठी मागणी वाढते हे त्यात आलं आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड पकडणं, विकणं गुन्हा आहे. जाणकार ढोलीचा पत्ता चारचौघांत सांगत नाहीत ते यासाठी, आणि इथेही कोणतं झाड ते लिहिलेलं नाही.

ज्याला एवढ्याने समाधान नाही त्याने कसाऱ्याकडे जाणारी लोकल पकडून शहापूर तालुका गाठावा. तिथे रानपिंगळा आहे. हा पक्षी 1884 नंतर कुणाला खात्रीने सापडला नव्हता. तो संपला असंच धरलं गेलं होतं. नोव्हेंबर 1997 मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना तो शहाद्याजवळच्या रानात दिसला. पुढे मेळघाटातही सापडला आणि 2014 मध्ये थेट तानसा अभयारण्यात, म्हणजे मुंबईला 1892 पासून पाणी देणाऱ्या तलावाभोवतीच्या सागाच्या रानात. गंमत अशी की एवढा दुर्मिळ पक्षी दिवसा फिरतो. सकाळच्या उन्हात उघड्या फांदीवर बसून शेपूट डावी-उजवीकडे झटकत सरडे, उंदीर टिपतो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके दाट असतात, याच्या डोक्यावर जवळजवळ नसतातच. तो पाहायचा तर अभयारण्याची परवानगी काढून, वनखात्याच्या माणसाला सोबत घेऊन, उन्हं तापायच्या आत सागात पोचावं लागतं. बॅटरी घरी ठेवली तरी चालते.