पंचक्रोशीच्या सोबतिणी

चैत्र वद्य दशमीच्या आदल्या संध्याकाळपासूनच उज्जैनच्या पटणी बाजारात, नागचंद्रेश्वराच्या देवळासमोर, माळव्यातील खेड्यापाड्यांतून आलेल्या स्त्रियांची दाटी होऊ लागते. कोणाच्या डोक्यावर पाच दिवसांच्या शिध्याचे गाठोडे, कोणाच्या काखेत वळकटी, कोणाच्या हाती फडक्यात बांधलेली परात, आणि सर्वांच्या मुखी माळवी बोलीतील भजने, असा तो समुदाय पाहून महाराष्ट्रीय प्रवाशास आपल्या आषाढी वारीचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. परंतु थोडा वेळ लक्षपूर्वक पाहिले म्हणजे दोहोंतील भेदही ध्यानी येतो. वारीत पालखी असते, दिंड्यांचे क्रमांक असतात, चोपदार असतात, विणेकरी असतो, आणि पूर्वापार चालत आलेली वहिवाट प्रत्येकाचे स्थान ठरवून देते. येथे पालखी नाही आणि चोपदारही नाही. गावोगावच्या सोबतिणींचा एकेक जथा आपल्याच बळावर निघतो, आपलाच शिधा शिजवतो आणि आपल्याच मताने मुक्काम हलवतो. ही उज्जैनची पंचक्रोशी यात्रा. तिच्यात पुरुषही चालतात. परंतु स्त्रियांचा भरणा मोठा, आणि यात्रेचे खरे स्वरूप समजून घ्यावयाचे तर त्या स्त्रियांच्या जथ्यांकडेच पाहिले पाहिजे, असे माझे मत आहे.

यात्रेमागील कल्पना अशी की, महाकाल हा या क्षेत्राचा अधिपती असून चार दिशांना त्याचे चार द्वारपाल उभे आहेत : पूर्वेस पिंगलेश्वर, दक्षिणेस करोहन गावचा कायावरोहणेश्वर, पश्चिमेस अंबोदियाचा बिल्वकेश्वर आणि उत्तरेस जैथलचा दुर्दुरेश्वर. उज्जैनच्या ज्या चौऱ्याऐंशी महादेवांची मालिका स्कंदपुराणाच्या अवंतीखंडात वर्णिली आहे, तिच्यातील अखेरचे चार क्रमांक यांचेच. क्षिप्रेत स्नान करून, नागचंद्रेश्वरापाशी चालण्याचे बळ मागून, यात्रेकरू पहिल्या टप्प्यात १२ किलोमीटरांवरील पिंगलेश्वर गाठतात. तेथून करोहन २३, करोहनाहून नलवा २१, नलव्याहून अंबोदिया ६, अंबोदियाहून कालियादेह २१, तेथून जैथल ७, जैथलाहून उंडासा १६, आणि उंडाशाहून पुन्हा क्षिप्रातीर १२, असे एकूण ११८ किलोमीटर चालून अमावास्येला प्रदक्षिणा पुरी होते. मग जथे पुन्हा नागचंद्रेश्वरासमोर येतात आणि मातीचे घोडे वाहून, उसने घेतलेले बळ देवाला परत करतात. शक्ती ही घेऊन ठेवण्याची वस्तू नसून काम झाल्यावर जेथल्या तेथे रुजू करण्याची ठेव आहे, ही श्रद्धा मला या यात्रेतील सर्वांत उदात्त गोष्ट वाटते.

महाराष्ट्रातील पंचांगे पाहून कोणी उज्जैनला निघाला तर तेथे महिन्याच्या नावाशी त्याचा थोडा गोंधळ होईल. आपण ज्या पंधरवड्याला चैत्र वद्य म्हणतो त्यालाच माळव्यात वैशाख कृष्ण म्हणतात, कारण तेथे महिना पौर्णिमेला संपतो आणि आपल्याकडे अमावास्येला. नाव कोणतेही असो, काळ एकच : गहू-हरभऱ्याची सुगी उरकलेली, काळ्या जमिनीची शेते मोकळी पडलेली, आणि अमावास्येनंतर तीनच दिवसांनी येणारी अक्षय्य तृतीया, जिला माळव्यात आखातीज म्हणतात आणि जिच्या मुहूर्तावर गावोगाव लग्ने लागतात, ती उंबरठ्यावर आलेली. सुगीपूर्वी शेतकरी स्त्रीला घर सोडता येत नाही आणि लग्नसराई सुरू झाल्यावरही सोडता येत नाही. या दोहोंमधली फट तेवढी तिच्या वाट्याची. ही तिथी ज्यांनी रूढ केली त्यांच्या मनात कोणते शास्त्र होते हे कोणी सांगावे, परंतु कुणबिणीच्या वर्षाच्या जमाखर्चात नेमके हेच पाच दिवस शिल्लक राहतात हे खरे. उन्हाचा पारा मात्र या दिवसांत चाळीस अंशांच्या पलीकडे जातो, आणि म्हणून शहाणे जथे पहाटेच्या अंधारात निघून ऊन तापण्यापूर्वी सावली गाठतात.

जथा जमतो तो बहुधा एका आळीचा, एका पाणवठ्याचा किंवा एकाच भजनाच्या बैठकीचा. पूर्वी यात्रा केलेली एखादी वयस्क बाई, जिला सर्वजणी 'जीजी' म्हणून हाक मारतात, ती पुढे असते, आणि तिचा अधिकार कोणी लेखी दिलेला नसला तरी तो मोडण्याचे कोणाच्या मनात येत नाही. कोणी किती पीठ आणावयाचे, डाळ कोणाची, तूप-मीठ-मिरची कोणाकडे, तवा एकच पुरेल की दोन लागतील, नवख्या सुनेला कोणाच्या सोबतीला द्यावयाचे, म्हाताऱ्या काकीचे गाठोडे आळीपाळीने कोणी उचलावयाचे, या सर्वांची तजवीज निघण्याआधीच झालेली असते. मुक्कामावर पोहोचताच गोवऱ्या मांडल्या जातात, कणकेचे गोळे निखाऱ्यांत भाजून बाट्या होतात, डाळ शिजते, आणि जेवण उरकल्यावर उघड्या माळावर वळकट्या पसरून भजनांना आरंभ होतो. ज्या कार्यास शहरातील मंडळीला सभा, ठराव आणि वर्गणीची पुस्तके लागतात, ते कार्य या स्त्रिया तोंडी हिशेबावर पार पाडतात. आणि हिशेब बिनचूक असतो, कारण चुकला तर दुसऱ्या मुक्कामी एकीला उपाशी निजावे लागेल हे प्रत्येकीला ठाऊक असते.

यात्रेचा धार्मिक अर्थ मोठा आहेच, परंतु तिचे सामाजिक मोल मला त्याहून कमी वाटत नाही. माळव्याच्या खेड्यात सून सासऱ्या-दीरांसमोर पदर पुढे ओढून वावरते, आणि घराबाहेर पडण्यास तिला काहीतरी कारण सांगावे लागते. नुसते 'फिरून येते' हे कारण कोणत्याही घरात खपत नाही. देवाचे नाव घेतले म्हणजे मात्र तोच उंबरठा सहज ओलांडता येतो. पाच दिवस तिच्या वाट्याला चूल येते ती सोबतिणींबरोबरची, आणि पदर खाली आला तरी टोकणारे कोणी नसते. मुक्कामावर दूरच्या गावी दिलेली लेक आपल्या माहेरच्या जथ्याला शोधत येते. मायलेकी तेथेच रात्रभर बोलत बसतात. कोणाच्या घरी मुलगा लग्नाचा आहे, कोणाच्या विहिरीला पाणी राहिले आहे, कोणती सुईण हुशार आहे, कोणत्या सावकाराशी सांभाळून राहावे, ही सर्व वार्ता अशा माळांवर एका गावातून दुसऱ्या गावात जाते. स्त्रीला विसावा, सहल आणि सल्लामसलत मिळण्याची ही व्यवस्था आहे, आणि ती तिने स्वतःच्या कष्टाने मिळवली आहे, म्हणून तिच्याकडे केवळ भाबडेपणा म्हणून पाहणे अन्यायाचे होईल.

या मातीशी मराठी माणसाचेही जुने नाते आहे. १८१० पर्यंत उज्जैन ही शिंद्यांची राजधानी होती. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात महाकालाच्या मंदिराचा जीर्णोद्धार करविला, आणि दौलतरावांची पत्नी बायजाबाई हिने एकोणिसाव्या शतकात गोपाळमंदिर बांधविले, जे पटणी बाजाराजवळच आहे. महाकालाची सवारी श्रावणाच्या सोमवारी निघते. परंतु ती तेथील श्रावण संपल्यावर थांबत नाही, मराठी श्रावण अमावास्येला संपेपर्यंत पुढेही निघत राहते. दोन पंचांगांना एकाच उत्सवात सामावून घेण्याचे हे औदार्य या शहराला साजेसे आहे. अशा सवारीच्या दिवशीही आसपासच्या खेड्यांतील बायका जथ्याजथ्याने येतात, आणि संध्याकाळी गोपाळमंदिराच्या चौकात बांगड्या-कुंकवाच्या दुकानांपुढे त्यांची गर्दी उसळते.

असा जथा एका दिवसात तयार होत नाही. त्याची शाळा लहानपणीच भरते. पितृपक्षाच्या दिवसांत माळव्यातील मुली घराच्या भिंतीवर शेणाने रोज नवी आकृती काढतात, तिला फुलांच्या पाकळ्या चिकटवितात आणि संध्याकाळी आरती करून गाणी म्हणतात. हा संजाचा उत्सव. पौर्णिमेला पाट, मग चौसर, अष्टमीला आठ पाकळ्यांचे फूल, असे करीत करीत शेवटच्या दिवसांत किलाकोट नावाची तटबंदीयुक्त मोठी आकृती उभी राहते आणि अमावास्येला सर्व शेण खरवडून नदीत सोडले जाते. आज एका घरी, उद्या दुसऱ्या घरी, असा मुलींचा घोळका फिरतो. प्रसाद झाकून ठेवतात आणि मुलींनी तो ओळखावयाचा असतो. आपल्या भोंडल्यातील खिरापत ओळखण्याचा खेळ ज्याने पाहिला आहे त्याला हे निराळे वाटणार नाही. विदर्भ-खानदेशातील भुलाबाईही याच कुळातली. संजाची समाप्ती सर्वपित्री अमावास्येला होते आणि दुसऱ्याच दिवशी घटस्थापना असते, म्हणजे माळव्यातील मुली जेथे थांबतात तेथून महाराष्ट्रातील मुलींचा भोंडला सुरू होतो. अलीकडे उज्जैनच्या बाजारात संजाचे छापील कागद मिळतात आणि शहरातील घरांच्या रंगविलेल्या भिंतींवर तेच चिकटविले जातात. सोय समजण्याजोगी आहे. पण शेण गोळा करण्यास, पाकळ्या वेचण्यास आणि भिंत सारविण्यास चारचौघी लागत होत्या, कागद चिकटविण्यास एकटी पुरते, याचे मला मनापासून दुःख वाटते.

सरकारी पातळीवर ग्रामीण स्त्रियांचे संघटन तसे उशिरा सुरू झाले. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास योजनेचा आरंभ झाला आणि तिच्याबरोबर ग्रामसेविका व महिला मंडळे खेड्यांत आली. शिवण, बालसंगोपन आणि सकस आहार हे त्यांचे विषय. १९९२ मध्ये नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग हाती घेतला, आणि २०११ पासून राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका अभियानाने तो सर्वदूर नेला. दहा-बारा बायका, ठरावीक वाराची बैठक, ठरावीक रकमेची बचत, आळीपाळीने कर्ज आणि गावातच ठेवलेले दप्तर, ही त्याची रीत आता महाराष्ट्रातही घरोघरी परिचित आहे. या गटांनी स्त्रीच्या हाती पैसा आणि सहीचा अधिकार दिला, हे मोठे कार्य होय. परंतु ज्या अधिकाऱ्यांना वाटते की खेड्यातील बाईला एकत्र काम करण्याची शिस्त प्रथम त्यांच्या योजनेने शिकविली, त्यांनी एकदा चैत्र वद्यात करोहनच्या मुक्कामावर रात्र काढावी. परस्परांच्या शब्दावर विश्वास ठेवणे, अशक्त सोबतिणीच्या चालीने चालणे आणि सामाईक वस्तूचा हिशेब स्मरणात ठेवणे, हे तीन गुण बचत गटास आवश्यक असतात, आणि ते पंचक्रोशीच्या वाटेवर कित्येक पिढ्यांपासून अंगवळणी पडलेले आहेत. गावात नवा गट उभा करणाऱ्या कार्यकर्तीने म्हणूनच प्रथम विचारावे की, येथून पंचक्रोशीला कोणकोणत्या जणी जोडीने जातात. तिचा निम्मा उद्योग तेथेच पुरा होईल.

जिल्हा प्रशासन या यात्रेचा बंदोबस्त ठेवते. पाण्याचे टँकर, मांडव, दवाखाने आणि पायांच्या फोडांसाठी मलम यांची सोय मुक्कामांवर करण्यात येते, आणि वाटेवरील गावकरी सरबत-पाणी घेऊन उभे असतात. स्त्रियांच्या दृष्टीने मात्र सोयींची परीक्षा निराळ्याच प्रश्नांवर होते : न्हाण्यासाठी आडोसा आहे काय, शौचकूप मांडवापासून किती दूर आहे, रात्री त्या वाटेवर दिवा आहे काय, अंगावर पिणाऱ्या मुलाला घेऊन बसण्यास सावली आहे काय. २०१६ च्या सिंहस्थात पंचक्रोशी कुंभपर्वाच्या ऐन मध्यावर आली होती, आणि २०२८ च्या सिंहस्थातही तिची तिथी पर्वकाळातच येणार आहे. त्यासाठी रस्ते, पूल आणि घाट यांचे आराखडे आखणाऱ्या कारभाऱ्यांनी करोहन, नलवा, अंबोदिया आणि जैथल येथील मुक्कामांचे नकाशे कायम करण्यापूर्वी, दरवर्षी चालणाऱ्या दहा-पाच जथ्यांच्या जीजींना बोलावून, आडोसे कोठे बांधावेत आणि दिवे कोठे लावावेत हे त्यांनाच विचारावे.