अवकाळाला काळ कोणता?

हत्तीचा पाऊस गडगडून गेला, भात पिवळे झाले, आभाळ निवळले, की दिवाळी यायची. हा आपला पिढ्यान् पिढ्यांचा हिशेब! 'अवकाळी' हा शब्दही याच हिशेबावर उभा आहे. पावसाचा काळ ठरलेला, म्हणूनच त्याचा अवकाळ आपल्याला कळतो.

पण २०१९ ची दिवाळी आठवा. २७ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होते आणि नेमक्या त्याच दिवशी अरबी समुद्रात 'क्यार' या वादळाने महाचक्रीवादळाचे रूप धारण केले. ते किनाऱ्याला न शिवता पश्चिमेकडे गेले खरे. परंतु त्या दिवसांतल्या पावसाने कोकणात कापून ठेवलेल्या भाताला शेतातच कोंब फुटले. त्या एका वर्षात या समुद्रात पाच चक्रीवादळे उठली. पुढच्याच वर्षी, ३ जून २०२० रोजी, 'निसर्ग' वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आदळले. ताशी शंभराहून अधिक किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने घरांची कौले उडवली आणि माड-पोफळींच्या वाड्या आडव्या केल्या. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' किनाऱ्याजवळून गुजरातेत गेले.

याचे कारण समुद्राच्या पोटात आहे. कोळसा आणि तेल जाळून आपण हवेत जी जादा उष्णता कोंडली, तिचा नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा समुद्रांनी गिळला. चक्रीवादळाला बळ मिळते ते अशा तापलेल्या पाण्याच्या वाफेतून. पूर्वी वादळे म्हटली की बंगालचा उपसागर डोळ्यांपुढे येई. आता अरबी समुद्रही तापू लागला आहे.

मी मराठी शिकवतो. शब्द जुने होतात, मरतात, याचे मला नवल नाही. परंतु 'अवकाळी' हा शब्द दरवर्षी वापरावा लागला, तर त्याला अर्थ तो काय उरणार? आणि येथे प्रश्न केवळ शब्दाचा नाही. पोफळ लावली की सुपारी दिसायला पाच-सात वर्षे जातात. माड तर आजोबाने लावावा आणि नातवाने नारळ खावेत. वाडी करणारा माणूस जमिनीपेक्षाही ऋतूंच्या भरवशावर रोप लावतो. पडलेल्या माडाची भरपाई सरकारदरबारी मागता येते. या मोडलेल्या भरवशाची कोठे मागावी?

तरीही कोकणातल्या माणसाने पडलेल्या वाड्यांत पुन्हा रोपे लावली आहेत. समुद्र तापवण्यात त्याचा वाटा तो केवढा! ज्यांचा वाटा मोठा आहे, त्यांनी त्या रोपांना फळ धरेपर्यंत तरी आपला धूर आवरायला नको काय?