मोबाइलवरील व्यवहार आणि कायद्याचे संरक्षण

बियाण्याची खरेदी, शेतमालाची विक्री, कर्जाची फेड व अनुदानाची प्राप्ती हे शेतकऱ्याचे नित्याचे व्यवहार होत. पूर्वी अशा प्रत्येक व्यवहारात काही ना काही कागद हाती येत असे. आडत्याची पट्टी, दुकानदाराचे बिल किंवा सोसायटीची पावती जपून ठेवली म्हणजे वादाच्या प्रसंगी ती पुढे करता येई. आज यांपैकी पुष्कळसे व्यवहार मोबाइलवर होतात. त्यात कागद हाती राहत नाही आणि समोरचा माणूसही दिसत नाही. अशा व्यवहारास कायद्यात किंमत आहे काय, व फसवणूक झाल्यास दाद कोठे मागावयाची, हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

कागदाइतकीच किंमत

संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने १९९६ साली इलेक्ट्रॉनिक व्यापारासंबंधी एक नमुना कायदा तयार केला. सर्व राष्ट्रांनी त्याचा विचार करावा, अशी शिफारस आमसभेने १६ डिसेंबर १९९६ रोजी केली. त्यास अनुसरून भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० करण्यात आला व तो १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलात आला. एखादी गोष्ट लेखी असावी असे कायदा जेथे म्हणतो, तेथे ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असली व पुढे पाहता येत असली तरी चालते, असे या अधिनियमाच्या कलम ४ मध्ये सांगितले आहे. केवळ इलेक्ट्रॉनिक साधनाने झाला एवढ्याच कारणावरून करार निरर्थक ठरत नाही, असे कलम १०अ म्हणते. या नियमास काही अपवाद आहेत. उदाहरणार्थ, मृत्युपत्र या पद्धतीने करता येत नाही.

याचा अर्थ असा की, मोबाइलवरून मान्य केलेला सौदा कागदावरील सौद्याप्रमाणेच बंधनकारक होऊ शकतो. म्हणून मजकूर वाचल्याशिवाय संमती देऊ नये. तसेच आलेला संदेश हा पुरावा असल्याने तो पुसून टाकू नये.

फसवणूक व शिक्षा

समजा, एका शेतकऱ्याने बैलजोडी विकावयाची असल्याची जाहिरात मोबाइलवर दिली. दूरच्या गावाहून बोलत असल्याचे सांगून एक इसम सौदा ठरवितो व इसाऱ्याची रक्कम पाठविण्यासाठी एक क्यूआर कोड धाडतो. "कोड स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील," असे तो सांगतो. शेतकरी पिन टाकतो आणि खात्यात पैसे येण्याऐवजी खात्यातून जातात. यूपीआय पिन हा पैसे देण्यासाठी असतो, पैसे घेण्यासाठी त्याची कधीही गरज नसते. ही एक गोष्ट ध्यानात ठेवल्यास अशी फसवणूक टळेल.

दुसऱ्याचे सोंग घेऊन संगणक किंवा मोबाइलद्वारे फसविणे हा कलम ६६ड खाली गुन्हा आहे. दुसऱ्याचा पासवर्ड वा ओळख अप्रामाणिकपणे वापरणे हा कलम ६६क खाली गुन्हा आहे. दोन्ही गुन्ह्यांस तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. याशिवाय १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतील फसवणुकीची कलमेही अशा गुन्हेगारास लागू होतात.

तक्रारीत विलंब नको

गुन्हेगारास शिक्षा होणे ही एक बाब आणि गेलेली रक्कम परत मिळणे ही दुसरी बाब होय. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या व तेथून तिसऱ्या खात्यात लवकर फिरविली जाते व शेवटी काढून घेतली जाते. ती वाटेतच अडविता यावी म्हणून १९३० हा दूरध्वनी क्रमांक ठेवण्यात आला आहे. फसवणूक ध्यानी येताच प्रथम या क्रमांकावर व त्याचबरोबर आपल्या बँकेस कळवावे. खाते क्रमांक, रक्कम, वेळ व व्यवहार क्रमांक ही माहिती हाताशी असावी. त्यानंतर पोलीस ठाण्यात फिर्याद द्यावी. गुन्हा आपल्या हद्दीत घडला नाही, या कारणावरून ती नाकारता येत नाही.

ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी दुसऱ्यास दिला असल्यास, बँकेस कळविण्यापूर्वीचे नुकसान त्याने सोसावे व कळविल्यानंतरचे बँकेने सोसावे, असे तत्त्व रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिले. घरच्यांना कळेल, गावात हसे होईल, या भीतीने जो दोन दिवस गप्प बसतो, त्याची रक्कम परत मिळण्याची आशा त्या दोन दिवसांतच संपते.

ऑनलाइन खरेदीतील हक्क

प्रत्येक वाद हा गुन्हा नसतो. मागविलेले बियाणे उगवले नाही किंवा पंपाऐवजी दुसरीच वस्तू आली, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ उपयोगी पडतो. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दिला आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विक्री करणाऱ्या संस्थेने तक्रार निवारण अधिकारी नेमला पाहिजे. त्या अधिकाऱ्याने ४८ तासांच्या आत तक्रारीची पोच द्यावयाची असते व एक महिन्याच्या आत तिचे निवारण करावयाचे असते. तेथे दाद न लागल्यास शेतकरी स्वतःच्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाऊ शकतो. विक्रेता परराज्यातील असला तरी हरकत नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मालाबाबत तक्रारीस शुल्क पडत नाही. मात्र बिल, पिशवीवरील खूणचिठ्ठी व थोडे बियाणे राखून ठेवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे कर्तव्य

हे कायदे शेतकऱ्याच्या बाजूचे आहेत. परंतु जो पुरावा जपतो व वेळेवर तक्रार करतो, त्यालाच त्यांचा लाभ होतो. कार्यकर्त्यांनी १९३० हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या, सोसायटीच्या व शाळेच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहून घ्यावा आणि ग्रामसभेत त्याची माहिती सांगावी. फसलेला मनुष्य मदतीस आला असता त्यास दोष देत बसू नये. आधी दूरध्वनी लावून द्यावा, विचारपूस मागाहून करावी. असे झाल्यास पुढचा मनुष्य लाजेने गप्प न बसता वेळेवर मदतीस येईल.