रूळ, सळई आणि तडा

मुंबईहून हावड्याकडे निघालेली गाडी दुर्ग सोडून रायपूरच्या वाटेला लागली की भिलाईच्या चिमण्या दिसू लागतात. गाडी ज्या रुळांवरून धावत असते, ते बहुतेक त्या चिमण्यांखालीच लाटलेले असतात. १९६०च्या सुमारास इथली रेल मिल सुरू झाली आणि पुढची कित्येक दशके भारतीय रेल्वेचा मुख्य आधार भिलाईच राहिली. रायपूर शहराच्या उत्तर अंगाला उरला आणि सिलतरा आहेत. तिथे स्पंज आयर्नची भट्टी, इंडक्शन फर्नेस आणि रोलिंग मिल यांची गर्दी आहे आणि तिथून सळया ट्रकने बाहेर पडतात. पदार्थपरीक्षणाचा आढावा घ्यायला याहून चांगले गाव शोधून सापडायचे नाही.

‘प्रगत पदार्थ’ म्हटले की हल्ली ग्राफीन, कार्बन तंतू आणि जेट इंजिनातली एकस्फटिकी पाती डोळ्यांपुढे येतात. रूळ कुणाच्या खिजगणतीत नसतो. पण रुळाच्या पोलादात हायड्रोजन किती चालेल, तर दहा लाख भागांत १.६ भाग. मीटरला ६० किलो वजनाचा जुन्या मापाचा १३ मीटर लांब रूळ घेतला, तर पाऊण टनाहून जास्त पोलादात हायड्रोजन मावतो जेमतेम सव्वा ग्रॅम. त्यापलीकडे गेला की रूळ बाद. यापेक्षा प्रगत पदार्थ कुणाला हवा असेल, तर त्याने खुशाल दुसरीकडे जावे.

या भागाचा आणि पोलादाचा संबंध मराठी वाचकाला नागपूरमार्गे ठाऊक असतो. भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी १८८७ साली रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातल्या लोखंडावर लिहिले. दल्ली-राजहराचे डोंगर तेव्हा रायपूर जिल्ह्यात होते, दुर्ग जिल्हा नंतर झाला. दोराबजी टाटा नागपूरला सरकारी कामासाठी आले असताना तिथल्या संग्रहालयात त्यांनी मध्य प्रांताचा भूगर्भनकाशा पाहिला, ही गोष्ट आता दंतकथेसारखी सांगितली जाते. खनिज उत्तम निघाले, पण जोडीला हवा तो कोळसा आणि पाणी नव्हते, म्हणून टाटा साकचीला गेले. राजहराच्या खनिजाला आणखी अर्धे शतक थांबावे लागले. २ फेब्रुवारी १९५५ला भिलाईसाठी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्याच राजेंद्रप्रसादांनी १९५६च्या सप्टेंबरात रायपूरला खाणकाम आणि धातुशास्त्र महाविद्यालयाची कोनशिला बसवली होती. तेच आजचे एनआयटी. रायपूर तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होते. दीडेक महिन्याने, १ नोव्हेंबरला, राज्यपुनर्रचना झाली आणि नागपूर एकीकडे, रायपूर दुसरीकडे झाले. तरी विदर्भातली मुले भिलाईच्या नोकरीला येत राहिली, आणि चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळाला सभासद मिळत राहिले.

आता हायड्रोजनकडे. २५ ऑगस्ट १९११ला न्यूयॉर्क राज्यातल्या मँचेस्टर गावापाशी लीहाय व्हॅली कंपनीची गाडी रूळ तुटून घसरली आणि २९ माणसे गेली. जेम्स हॉवर्ड या तपासनिसाने तुटलेल्या रुळाचे तुकडे तपासले. रुळाच्या माथ्याच्या आत, वरून काही दिसणार नाही अशा जागी, आडवा तडा वाढत आलेला होता. तो कशामुळे पडतो याचे उत्तर मिळायला पुढची वीस-पंचवीस वर्षे गेली. ओलसर चुना, दमट फेरोॲलॉय, नीट न तापवलेले लेडल यांतून हायड्रोजन वितळलेल्या पोलादात शिरतो. पोलाद गोठले की त्याला आत जागा उरत नाही. अणू-अणूने तो बारीक पोकळ्यांत जमतो, तिथे रेणू होऊन बसतो, दाब वाढत जातो आणि केसासारख्या चिरा पडतात. वरून हजारो चाके जातात आणि त्यातली एखादी चीर वाढायला लागते.

यावर पहिला उतारा अगदी साधा होता. १९३०च्या दशकात कॅनडातल्या मॅकी यांनी गरम रूळ झाकलेल्या खड्ड्यांत ठेवून सावकाश निववायला सांगितले, म्हणजे हायड्रोजन आपसूक बाहेर निघून जातो. नंतर जर्मनीतून निर्वात पद्धत आली. निर्वात पात्राचे दोन पाय लेडलमध्ये बुडवायचे, एका पायात अरगॉन सोडायचा, पोलाद वर चढते, वायू टाकते आणि दुसऱ्या पायाने खाली येते. भिलाईतही पुढे हेच आले. आज हायड्रोजन लेडलमध्येच मोजतात. खुपसलेल्या शोधकातून नायट्रोजन फिरवतात, तो येताना हायड्रोजन घेऊन येतो आणि वायूची उष्णतावहनक्षमता बदलते, त्यावरून आकडा मिळतो. छत्तीसगढच्या पावसाळ्यात, हवेला ओल सुटलेली असताना, हा आकडा १.६च्या आत ठेवणाऱ्या माणसांचे कौतुक कोणत्याही परिषदेत होत नाही. कौतुक होते ते १३० मीटरचा अखंड रूळ लाटण्याचे आणि दोन जोडून केलेल्या २६० मीटरच्या पट्ट्याचे. लांबी फोटोत येते. हायड्रोजन येत नाही.

प्रस्तुत लेखकाचा जीव मात्र आणखी जुन्या गोष्टीवर जडलेला आहे. गंधकाचा ठसा. जर्मनीच्या बाउमान यांनी १९०६ साली ही पद्धत रूढ केली आणि तिला लागते काय, तर फोटोचा ब्रोमाइड कागद, थोडे सल्फ्युरिक आम्ल आणि हायपो. रुळाचा आडवा काप घ्यायचा, तोंड सपाट घासायचे, तेलाचा अंशही उरू द्यायचा नाही. कागद दोन-तीन टक्के आम्लात भिजवून निथळायचा आणि कापावर बसवायचा. हवेचा बुडबुडा राहता कामा नये, म्हणून रबरी रोलर मधून कडेकडे फिरवायचा. दोनेक मिनिटांत सडक्या अंड्याचा वास येतो. पोलादातल्या मँगनीज सल्फाइडवर आम्लाची क्रिया होऊन हायड्रोजन सल्फाइड निघतो आणि कागदावरच्या चांदीला काळे करतो. कागद उचलला की रुळाचा पुरा छेद तपकिरी ठिपक्यांनी उमटलेला असतो. माथा, मान, पाया सगळे आपापल्या जागी. ठिपके विखुरलेले असले तर ठीक. मानेच्या मध्यभागी उभी गडद रेघ दिसली, तर ओतताना मध्यभागी अशुद्धी गोळा झाली हे कळायला पदवी लागत नाही.

या ठशाला मोडीत काढणारे बरेच आहेत. त्यांचे म्हणणे असे, की आताच्या पोलादात गंधक इतका कमी असतो की कागद कोराच राहतो. आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. गंधक खरोखर कमी असेल तर कोरा कागद हेच त्याचे उत्तर झाले, आणि सिलतऱ्याच्या बिलेटवर तो अजून कोरा राहत नाही. खरी अडचण वेगळीच आहे. फोटो स्टुडिओ बंद पडले आणि ब्रोमाइड कागद मिळेनासा झाला. पद्धत शास्त्रामुळे हरली नाही, बाजारामुळे हरली.

दुसरे प्रेम म्हणजे तुटलेले तोंड. धातू कसा तुटला हे तुटल्या जागेवर लिहिलेले असते, फक्त ते वाचणारा हवा. कार्ल झाप्फे या अमेरिकन धातुशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात या वाचनाला शास्त्राचा दर्जा दिला. वर सांगितलेला आडवा तडा रुळाच्या माथ्यात अंडाकृती किंवा मूत्रपिंडाच्या आकाराचा दिसतो. मधे बारीकसा उगम, त्याभोवती वाढीची कडी आणि बाहेर खडबडीत, चमचमणारा भाग, म्हणजे उरलेले पोलाद एका दणक्यात तुटले ती जागा. अंडाकृती भाग रुपेरी असेल, तर हवा आत शिरलेली नव्हती, तडा शेवटपर्यंत पोटातच होता. तो काळा किंवा तांबूस असेल, तर तडा वर उघडलेला होता आणि बऱ्याच दिवसांपासून होता. चौकशीत या एका रंगावरून जबाबदारी या टेबलावरून त्या टेबलावर जाते. २६ नोव्हेंबर १९९८च्या पहाटे पंजाबात खन्नाजवळ रूळ तुटला, फ्रंटिअर मेलचे डबे घसरले आणि समोरून आलेली सियालदा एक्स्प्रेस त्यांवर आदळली. दोनशेहून अधिक माणसे गेली. १७ ऑक्टोबर २०००ला इंग्लंडात हॅटफील्डला चार माणसे गेली. तिथे रुळाचे तीनशेहून अधिक तुकडे झाले होते आणि ते पुन्हा ओळीने मांडून चौकशी झाली.

श्रवणातीत ध्वनीचे पुरस्कर्ते इथे हात वर करणार. न फोडता, न कापता सगळे दिसते, मग हा खटाटोप कशाला, हा त्यांचा नेहमीचा सवाल. त्यांचे यंत्र निःसंशय मोलाचे आहे. फायरस्टोन यांनी १९४०च्या आसपास मिशिगनमध्ये ते बनवले. आज रेल्वेचे कर्मचारी रुळावरून पाणी सोडत ढकलगाडी नेतात. शून्य अंशाचा शोधक सरळ खाली पाहतो, सत्तर अंशाचा माथ्यातला आडवा तडा पकडतो. पण ‘सगळे दिसते’ ही थाप आहे. पायाच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या पात्यांत वरचा शोधक पोचतच नाही. माथ्यावर पृष्ठभागालगत भेगा असल्या तर त्यांच्या सावलीत खालचा मोठा तडा लपतो. शिवाय पडद्यावर उमटतो तो प्रतिध्वनी. तो कशाचा, हे ठरवायला कुणीतरी पूर्वी तसा रूळ फोडून पाहिलेला असावा लागतो.

बाकीच्या चाचण्यांवर फार थांबायचे कारण नाही. ताणचाचणीत रुळाच्या ८८० प्रतीला किमान ८८० मेगापास्कल हवेत आणि दहा टक्के लांबी वाढायला हवी. ब्रिनेलची गोळी १९००पासून तीच आहे. शार्पीच्या चाचणीत खाच पाडलेला दहा मिलिमीटर जाडीचा नमुना लंबकाने तोडतात. विक्रांत या विमानवाहू नौकेसाठी हैदराबादच्या संरक्षण धातू प्रयोगशाळेने स्टील प्राधिकरणासोबत घडवलेल्या डीएमआर-२४९ए पोलादाला ही परीक्षा उणे ६० अंशांवर द्यावी लागली, आणि त्या नौकेच्या पाट्यांत भिलाईचाही वाटा आहे. क्ष-किरण विवर्तन, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, इंदूरचे इंडस-२, तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीतले न्यूट्रॉन, वायबुल यांची संख्याशास्त्रीय वाटणी, या सगळ्यांची महती गाणारे लेख पुष्कळ आहेत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाशी या लेखकाचे भांडण नाही. भांडण आहे ते हातातले दहापट भिंग न लावता थेट दहा हजारपटीवर जाणाऱ्यांशी. तडा कुठे सुरू झाला हे आधी ठरले नाही, तर दहा हजारपटीवर भलत्याच जागेचा सुंदर फोटो मिळतो, आणि तो छापूनही येतो.

सळईचे प्रकरण मात्र टाळून चालणार नाही, कारण रूळ रेल्वे विकत घेते आणि सळई आपण. टीएमटी सळई लाटणीतून निघताच पाण्याच्या जोरदार फवाऱ्यातून जाते. वरचे कवच कडक होते, आतली उष्णता बाहेर येऊन त्याच कवचाला नरम करते, गाभा चिवट राहतो. हे नीट झाले का ते पाहायला सळईचा काप घासून त्यावर नायटल, म्हणजे अल्कोहोलमध्ये थोडे नायट्रिक आम्ल, लावायचे. काही सेकंदांत कडेने गडद कडे उमटते. ते सगळीकडे सारख्या जाडीचे आणि अखंड हवे. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला तुटक दिसले, तर फवारे बुजलेले होते.

पण कडे चांगले उमटले म्हणून सळई चांगली, असे नाही. गारगोटीच्या अस्तराच्या इंडक्शन भट्टीत फॉस्फरस काढता येत नाही, भंगारातून आणि स्पंजमधून जो येतो तो तसाच राहतो. आयएस १७८६ या मानकात एफई ५०० प्रतीला गंधक आणि फॉस्फरस प्रत्येकी ०.०५५ टक्क्यापर्यंत चालतो, ५००डीला ०.०४०, आणि दोन्ही मिळून ०.०७५. लांबीतली वाढ साध्या ५००ला १२ टक्के, डीला १६. भूकंपात घर उभे राहते ते या फरकावर. त्याच मानकातली उलट वाकवण्याची चाचणी तर फार सुंदर आहे. सळई १३५ अंशांच्या कोनापर्यंत वाकवायची, अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवायची, निवू द्यायची आणि मग १५७.५ अंशांपर्यंत उलगडायची. पोलादात मोकळा नायट्रोजन जास्त असेल तर त्या अर्ध्या तासात ते म्हातारे होते आणि उलगडताना तडकते. खर्च पाणी उकळण्याचा.

इतकी स्वस्त चाचणी, तरी ती मनापासून करणारी जागा शोधावी लागते. बाजारात चलती आहे ती सर्टिफिकेटची. ठेकेदाराला कागद हवा असतो आणि कागद मिळतो. नमुना कोणत्या सळईच्या कोणत्या टोकातून कापला, कुणी कापला, हे त्यावर नसते. महाविद्यालयांची तऱ्हा निराळी नाही. पूर्वी पहिल्या सत्रात विद्यार्थी एमरी कागदांवर नमुना घासायला शिकत. दर कागदाला नमुना काटकोनात फिरवायचा, आधीचा ओरखडा पुरा जाईपर्यंत पुढचा कागद घ्यायचा नाही, शेवटी मखमलीवर ॲल्युमिना. बोटांची साले जात आणि आरशासारख्या पृष्ठभागावर नायटल लावून पर्लाइटची पट्टीपट्टीची नक्षी पहिल्यांदा दिसली की ती वसूलही होत. सॉर्बी यांनी शेफील्डला १८६३-६४मध्ये हेच केले होते. आता घासण्याचे काम यंत्राकडे, पाहण्याचे सॉफ्टवेअरकडे आणि निष्कर्षाचे काम आधीच्या कुणाच्या तरी प्रबंधाकडे गेले आहे. ओरखड्याला कणसीमा समजून मोजणारे प्रबंध निघतात, आणि ते तपासणाऱ्यांनाही त्यात वावगे वाटत नाही. नव्या यंत्रांच्या उद्घाटनाला मंत्री येतात. नमुना घासणाऱ्या तंत्रज्ञाची जागा निवृत्तीनंतर भरली जात नाही, त्याला मात्र कुणी येत नाही.

उरला-सिलतऱ्याच्या कारखानदारांना आणि रेल्वेच्या मंडळींना शेवटी एक विनंती. शाफ्ट, क्रेनचा हूक, रूळ, काहीही तुटले तर दोन तुकडे जुळवून पाहू नका. तोंडावर तोंड घासले की सगळ्या खुणा पुसतात. वायरब्रशने गंज काढू नका, तोंडाला बोट लावू नका, वेल्डरला जवळ येऊ देऊ नका. आहे तसा फोटो काढा, तुकडे कोरडे ठेवा, प्लॅस्टिकमध्ये सिलिका जेलची पुडी टाकून बांधा, वर तारीख आणि हीट नंबर लिहा. आणि चौकशी संपली तरी भंगारवाल्याला देऊ नका. रायपुरात धातुशास्त्राचा विभाग आहे, तिथे नेऊन द्या. मुलांना पाहायला खरे तुटलेले तोंड तरी मिळेल.