कच्ची वही, पक्की वही

आज बचतीवर नाही, कर्जावर नाही, आपल्या लिहिण्यावर बोलू या.

आता बऱ्याच गटांच्या खोलीबाहेर भित्तिपत्रक लागतं. कुणी रेडिओसाठी चार ओळी लिहून पाठवते, कुणी स्वतःपुरती वही ठेवते. आणि वाद सगळीकडे एकच. दर आठवड्याला जमेल तसं लिहून लावायचं, की वेळ घेऊन, नीट करून मगच बाहेर काढायचं? आमच्या गटात यावरून दोन बैठका गेल्या. (हिशेब त्या दिवशी दहा मिनिटांत उरकला, ही गोष्ट वेगळी.)

उत्तर आम्हाला आपल्याच दप्तरात सापडलं. रोखवही आपण बैठकीत, तिथल्या तिथं लिहितो. अक्षर वाकडं आलं म्हणून शंभर रुपयांची नोंद कुणी उद्यावर टाकत नाही, कारण उद्या आठवत नाही. खतावणी मात्र त्या रोखवहीवरून, सावकाश, एकेकीच्या नावावर मांडायची. रोखवहीच नसेल तर खतावणी कशावरून लिहिणार? आणि नुसती रोखवही असेल तर कुणाचं किती हे बघायला अख्खी वही चाळावी लागते. लिहिण्यालाही अशा दोन वह्या लागतात.

टँकर कधी येणार, बाळांना डोस कोणत्या दिवशी, बाजारात टोमॅटोला काय भाव मिळाला, हे त्याच दिवशी लिहायचं. तिथं सुंदर वाक्याची वाट बघू नये. पण कितीही घाई असली तरी नाव, तारीख आणि रक्कम दुसऱ्या बाईकडून तपासून घ्यायची. बुधवारच्या जागी गुरुवार पडला तर एखादी बाई तान्हं बाळ घेऊन वस्तीवरून उन्हात चालत येते आणि तशीच परत जाते. आणि कर्ज थकलेल्या बाईचं नाव भिंतीवर कधीच नको, मग ते कितीही खरं असो.

जगलेलं लिहायचं असेल तर गोष्ट वेगळी. आमच्या एका काकूंनी ऊसतोडीचे दिवस लिहायला घेतले. पहिल्या आठवड्यात सहा ओळी झाल्या. कोयता, बैलगाडी, थंडी, एवढंच. तेवढंच लावलं असतं तर लोकांनी उभ्याउभ्या वाचून सोडून दिलं असतं. आम्ही दर बुधवारी एखादा प्रश्न विचारत गेलो. खोपीत चूल कुठं असायची? पाणी किती लांब? पोरं कुणाजवळ ठेवायचात? काकू कधी लिहायच्या, कधी सांगायच्या आणि सून लिहून घ्यायची. तिसऱ्या महिन्यात पाच पानं झाली, आणि पाचव्या पानावर आली फडात जन्मलेली, फडातच गेलेली मुलगी. घरात तिचा विषय कुणी काढत नव्हतं. सुनेला तर ठाऊकच नव्हतं.

ते पान भिंतीवर लावायचं नाही, असं काकूंनी ठरवलं. चार पानं लागली, पाचवं पेटीत राहिलं. सावकाश लिहिण्याचा आम्हाला दिसलेला मोठा फायदा हाच. भाषा सुधारते ते आहेच, पण काय जगाला सांगायचं आणि काय आपल्याजवळ ठेवायचं, हे ठरवायला बाईला अवधी मिळतो.

म्हणून सगळंच थांबवून ठेवावं का? मुळीच नाही. आपल्यातल्या कितीतरी जणी पोरांची लग्नं झाल्यावर अक्षरं शिकल्या. शुद्धलेखन येईपर्यंत थांबा म्हटलं तर त्या कधीच लिहिणार नाहीत. मुक्ता साळवे ही पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणारी मुलगी. १८५५ साली तिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला, तेव्हा ती अवघी चौदा वर्षांची होती. फलटणच्या बेबीताई कांबळे दुकानात बसल्या बसल्या, घरच्यांपासून लपवून लिहीत राहिल्या. त्यांचं 'जिणं आमुचं' पुस्तक होऊन आलं १९८६ साली. उलट साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये पाच दिवसांत लिहिली. पण तोवर आईला जाऊन पंधरा वर्षं उलटली होती. आठवणी आधीच मुरलेल्या होत्या.

पक्कं करताना आम्ही लाल पेन वापरत नाही. लिहिणारीनं स्वतः मोठ्यानं वाचायचं. जिथं ती अडखळते किंवा ऐकणाऱ्या बाया 'म्हणजे काय गं?' विचारतात, तिथं खूण करायची. बहुतेक दुरुस्ती तेवढ्यानंच होते. 'म्या', 'व्हतं' हे शब्द आम्ही बदलत नाही. ती चूक नाही, ती त्या बाईची बोली आहे. पुस्तकी भाषेत घातलं की काकूंचं लिहिणं काकूंचं वाटतच नाही.

आमची रीत आता अशी आहे. बुधवारी बैठक संपली की पंधरा मिनिटं सगळ्याजणी कच्च्या वहीत लिहितात. वर तारीख, खाली निदान तीन ओळी. जिला लिहिता येत नाही ती शेजारणीला सांगते. त्यातलं ताजं लगेच भिंतीवर जातं. दोन महिन्यांनी जुनी पानं चाळून एकच निवडायचं आणि तेवढंच पक्कं करायचं. दोन निवडली की एकही पुरं होत नाही, हे आम्ही पाहिलंय.

पुढचं पक्कं पान ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला लागेल. चौघींनी नावं दिली आहेत. वहीला दोरीनं पेन बांधून ठेवलाय, नाहीतर पोरं घेऊन जातात.