पुंगळी ओढणारी नखी

बेंगळुरूहून आपल्याशी बोलतोय. आजचा विषय आहे रायफलमधला नखाएवढा पोलादी तुकडा, एक्स्ट्रॅक्टर.

गोळी सुटताना काडतुसाची पितळी पुंगळी दाबाने फुगते आणि चेंबरला घट्ट चिकटते. म्हणूनच गॅस मागे तुमच्या डोळ्यांवर येत नाही. दाब उतरला की ती किंचित आकसते. आपण बोल्टचा दांडा उचलतो तेव्हा बोल्ट फिरता फिरता जरासा मागे येतो आणि पुंगळी सैल होते. तिची कड धरून बाहेर ओढते ती एक्स्ट्रॅक्टरची नखी. पुढे बाजूला उडवणं हे इजेक्टरचं काम.

पोलिसांत पिढ्यान्‌पिढ्या चाललेली .303 ली-एनफील्ड घ्या. तिचा एक्स्ट्रॅक्टर बोल्टच्या डोक्यात एका स्क्रूवर बसतो आणि छोटी पट्टीची स्प्रिंग त्याला दाबून धरते. पुष्कळदा आधी थकते ती ही स्प्रिंग. .303 च्या काडतुसाला बाहेर आलेली कड असते, त्यामुळे पकड सोपी. 1962 च्या युद्धानंतर इछापूरच्या कारखान्याने 7.62 ची रायफल काढली. त्या काडतुसाला तशी कड नसते, बुडाशी खाच असते. म्हणून एक्स्ट्रॅक्टरही बदलला. एकाचा दुसरीत बसवू नका.

नखी झिजते किंवा तुटते, त्याची मुख्य कारणं तीन.

पहिलं, खराब चेंबर. जुन्या काडतुसांच्या टोपीतले क्षार ओल धरतात, चेंबर गंजतं, पुंगळी रुतते आणि सगळा ताण नखीवर येतो. गोळीबारानंतर नळीत उकळतं पाणी ओतायची जुनी शिस्त होती, ती याचसाठी.

दुसरं, मळ. नखीमागे काजळी आणि सुकलेलं तेल साचलं की ती पुरती मिटत नाही.

तिसरं, भरण्याची पद्धत. माउझर 98 मध्ये काडतूस मॅगझिनमधून वर येतानाच लांब नखीखाली सरकतं. ते हाताने थेट चेंबरमध्ये टाकून बोल्ट आपटला, तर नखीला कडेवरून उडी मारावी लागते. तिथेच कपचा उडतो.

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकात पोलिसांच्या हाती .303 होत्या आणि समोर एके-47. अशा वेळी पुंगळी अडकली तर हातातली रायफल ही नुसती काठी.

तपासणी सोपी आहे. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, मग ड्रिलचं डमी काडतूस भरून बोल्ट सावकाश ओढा. काडतूस मध्येच सुटलं, तर आर्मररकडे द्या. घरी कानस लावू नका. अडकलेली पुंगळी चाकूने उचकटू नका.

इथून जवळच्या कोडगूत आणि आपल्याकडेही शस्त्रपूजा होते. खंडेनवमीला हळदकुंकू जरूर वाहा, पण त्याआधी बोल्ट काढून ही नखी पुसून बघा.