सर्व्हेचा चार्ट चुकीचं सांगतोय का? आधी उत्तरांची नावं जुळवा

धंदा सुरू करण्याआधी सर्व्हे करा, हे आपण मागच्या व्हिडिओत बघितलं. बऱ्याच जणांनी केलाही. आता पुढचा प्रश्न: उत्तरं आली, चार्ट काढला, पण तो चार्ट खरं बोलतोय का?

एक उदाहरण घेऊ. समजा तुम्हाला टिफिन सर्व्हिस सुरू करायची आहे. तुम्ही 60 जणांना विचारलं, "टिफिन किती वेळा घ्याल?" पर्याय चार: रोज, आठवड्यातून 2-3 वेळा, कधीतरी, कधीच नाही. काहींनी मराठी गुगल फॉर्म भरला, काहींनी इंग्रजी, आणि काही कागदी फॉर्म घरातल्या कोणीतरी शीटमध्ये टाइप केले. चार्टमध्ये हे दिसलं:

कधीतरी – 19
रोज – 13
आठवड्यातून 2-3 वेळा – 9
डेली – 6
कधीच नाही – 6
रोज – 4
दररोज – 3

पहिल्या नजरेत काय वाटतं? लोकांना टिफिन कधीतरीच हवाय, मग रोजचा स्वयंपाकी कशाला ठेवायचा? पण थांबा. रोज, डेली, दररोज हे एकच उत्तर आहे. आणि "रोज" दोनदा का आलं? एकीच्या शेवटी चुकून स्पेस पडली आहे. आपल्याला दिसत नाही, कॉम्प्युटरला दिसते. बेरीज करा: 13 + 6 + 4 + 3 = 26. म्हणजे सगळ्यात मोठा गट रोजवाल्यांचा आहे. निर्णयच उलटला की नाही?

आता हे दुरुस्त कसं करायचं ते बघू.

पायरी 1: मूळ शीटला हात लावू नका. तिची कॉपी काढा आणि कॉपीवरच काम करा.

पायरी 2: किती प्रकारची उत्तरं आलीत ते बघा. युनिक फॉर्म्युला लावला की प्रत्येक वेगळं उत्तर एकदाच दिसतं. चार पर्याय दिले होते आणि यादीत सात आले, तर गडबड आहे. जास्तीच्या स्पेस ट्रिमने जातात. पण मराठीत आणखी एक गंमत आहे. "कॉलेज" मधला "कॉ" दोन प्रकारे टाइप होतो. दिसायला सारखा, कॉम्प्युटरसाठी वेगळा. तो ट्रिमने जुळत नाही.

पायरी 3: जुळवणीचा तक्ता करा. डाव्या कॉलममध्ये आलेलं उत्तर, उजवीकडे आपलं ठरलेलं उत्तर. डेली – रोज, दररोज – रोज, असं. मग व्हीलुकअपने सगळी उत्तरं बदलून घ्या. शेवटी फॉल्स टाकायला विसरू नका. जे उत्तर तक्त्यात नाही तिथे एरर येईल, आणि ती येऊ द्या. काय राहून गेलं ते तीच सांगते.

पायरी 4: पर्याय आपल्या क्रमाने लिहा. पिव्हट टेबल अक्षरांच्या क्रमाने लावतं, त्यामुळे "रोज" सगळ्यात खाली जातं. त्यापेक्षा रोज ते कधीच नाही असा क्रम स्वतः लिहा, समोर काउंटइफने आकडे काढा आणि त्यावर चार्ट बनवा. एखादा पर्याय कोणीच निवडला नसेल तरी तो 0 म्हणून दिसला पाहिजे. शून्य हीसुद्धा माहितीच आहे.

पायरी 5: बेरीज तपासा. 26 + 9 + 19 + 6 = 60. जेवढे फॉर्म, तेवढीच बेरीज. एक जरी कमी आला तर चार्ट कोणाला दाखवू नका.

दोन सर्व्हेंची तुलना करताना

समजा दुसऱ्या वेळी तुम्ही "फक्त शनिवार-रविवार" हा पर्याय वाढवला. मग पहिल्या सर्व्हेपुढे त्या जागी 0 लिहायचं का? नाही! तिथे "विचारलं नव्हतं" असं लिहा. कोणी निवडलं नाही आणि आपण विचारलंच नाही, यात खूप फरक आहे. माणसं कमी-जास्त असतील तर आकड्यांऐवजी टक्के लावा.

तुमच्यापैकी काही जण आर शिकताय, त्यांच्यासाठी: तिथे ठरलेल्या उत्तरांच्या यादीला फॅक्टरच्या लेव्हल्स म्हणतात. लेव्हल्समध्ये नसलेलं उत्तर काहीही इशारा न देता एनए होतं, म्हणून आधी आणि नंतर एनए मोजा. जीजीप्लॉटमध्ये रिकाम्या लेव्हल्स आपोआप गळतात. त्या ठेवायच्या असतील तर एक्स अक्षाच्या स्केलमध्ये ड्रॉप फॉल्स करा.

पुढच्या वेळी हा त्रासच नको असेल तर फॉर्ममध्ये लिहायला जागा न ठेवता पर्याय द्या, कागदी फॉर्म भरताना शीटमध्ये ड्रॉपडाउन लावा, आणि सर्व्हे चालू असताना पर्यायाचे शब्द बदलू नका. आधी आलेली उत्तरं जुन्या शब्दांतच राहतात.

आणि हो, 26 जण "रोज" म्हणाले म्हणजे 26 डबे पक्के, असं नाही. त्यांच्याकडे आठवड्याचा ॲडव्हान्स मागून बघा. जे देतील ते तुमचे पहिले ग्राहक.

या आठवड्याचं काम: तुमच्या सर्व्हेच्या एका प्रश्नाला युनिक लावा आणि किती वेगळी उत्तरं निघतात ते मोजा. मग पुढच्या व्हिडिओत त्याच आकड्यांवरून पहिल्या महिन्याचा माल किती भरायचा ते काढू.